रिज्क : रोजच्या एका शब्दाचा अर्थ आणि त्याचा हक्क



नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा-चंद्रपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बुटीबोरी हे गाव आहे. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते आहेत आणि त्यांना लागूनच औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत. येथील घरांतून सकाळी दोन प्रकारचे डबे बाहेर पडतात. एक शेताच्या बांधाकडे जातो, दुसरा कारखान्याच्या फाटकाकडे. दोन्हींत बहुधा तीच पोळी किंवा भाकर असते, तेच तुरीचे वरण आणि तीच हिरव्या मिरचीची चटणी.

याच गावात महिलांच्या साप्ताहिक दर्समध्ये एका भगिनीने विचारलेला प्रश्न हा आजच्या पाठाचा विषय आहे. त्या दिवशी जेवणाच्या शिष्टाचारावर बोलणे चालले होते. पडलेला घास उचलून घ्यावा, ताटात अन्न टाकू नये, हे सांगून झाले. तेव्हा मागच्या रांगेतून ती भगिनी म्हणाली, “आपा, भाकरीचा तुकडा खाली पडला तर आम्ही तो उचलतो, ओठांना लावतो. मुलांना सांगतो, हा रिज्क आहे, याच्यावर पाय पडू देऊ नका. पण माझ्या घरधन्याची तीन आठवड्यांची मजुरी ठेकेदाराकडे अडकली आहे. तो आपल्यातलाच आहे, नमाजी आहे. मागायला गेले की म्हणतो, ‘भाई, सबर कर, रिज्क अल्लाहच्या हातात आहे.’ मग आपा, रिज्क म्हणजे नेमके काय? जमिनीवर पडलेला तुकडा, की त्याच्याकडे अडकलेले आमचे पैसे?”

सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मीही लगेच उत्तर देऊ शकले नाही. जो शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, त्याचा अर्थ आपण कधी नीट तपासून पाहिलेला नसतो. ते काम आज आपण मिळून करू.

दोन शब्द : तआम आणि रिज्क

पवित्र कुरआनात अन्नाच्या संदर्भात जे शब्द आले आहेत, त्यांपैकी दोन आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला शब्द ‘तआम’. तोय, ऐन आणि मीम या तीन अक्षरांपासून तो बनला आहे. याच मुळापासून चव या अर्थाचा ‘तअम’ आणि दुसऱ्यास जेवू घालणे या अर्थाचा ‘इतआम’ हे शब्द येतात. तआम म्हणजे जे चाखले जाते, खाल्ले जाते ते अन्न.

दुसरा शब्द ‘रिज्क’. त्याची मूळ अक्षरे रे, झे आणि काफ. कुरआनातील शब्दांचा कोश रचणारे इमाम रागिब इस्फहानी यांनी या शब्दाचे तीन अर्थ नोंदवले आहेत. सतत चालू असलेली देणगी, मग ती या जगातील असो वा परलोकातील; एखाद्याच्या वाट्याला आलेला हिस्सा; आणि पोटात जाऊन शरीराचे पोषण करणारा पदार्थ. म्हणजे अन्न हा रिज्कचा एक अर्थ आहे, पण एकमेव अर्थ नाही.

या दोन शब्दांचा वापर पाहिला की फरक स्पष्ट होतो. हजरत ईसा (अ.) आणि त्यांच्या माता हजरत मरयम यांच्याविषयी सांगताना कुरआन म्हणतो की ते दोघेही तआम घेत असत (सूरह माइदा : 75). पूर्वीचे सर्व प्रेषितही तआम घेत आणि बाजारात चालत-फिरत (सूरह फुरकान : 20). येथे तआम ही माणूसपणाची खूण आहे. जो खातो त्याला भूक आहे, आणि ज्याला भूक आहे तो गरजवंत आहे. याउलट अल्लाहविषयी सांगितले गेले की तो सर्वांना खाऊ घालतो, त्याला मात्र कोणी खाऊ घालत नाही (सूरह अनआम : 14).

रिज्क शब्द येतो तेव्हा लक्ष खाणाऱ्यावरून देणाऱ्याकडे वळते. पृथ्वीवर वावरणारा असा एकही जीव नाही की ज्याच्या रिज्कची जबाबदारी अल्लाहवर नाही (सूरह हूद : 6). अल्लाह स्वतःच ‘अर-रज्जाक’ आहे (सूरह जारियात : 58).

थोडक्यात, तआम हा शब्द घेणाऱ्याची गरज सांगतो आणि रिज्क हा शब्द देणाऱ्याची ओळख करून देतो. ताटातील भाकर एकच असते. तिच्याकडे भुकेने पाहिले तर ती तआम आहे. देणाऱ्याचे स्मरण ठेवून पाहिले तर ती रिज्क आहे.

काही ठिकाणी हे दोन्ही शब्द एकाच आयतीत शेजारी आले आहेत. गुहेतील तरुणांची हकिकत आपणा सर्वांना माहीत आहे. दीर्घ निद्रेतून जागे झाल्यावर त्यांनी आपल्यापैकी एकास चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवले आणि बजावले की सर्वांत शुद्ध तआम कोणता ते पाहा आणि त्यातून आपल्यासाठी रिज्क घेऊन ये (सूरह कहफ : 19). जिवाला धोका होता, पोटात भूक होती, तरीही त्यांनी आधी शुद्धतेची अट घातली. बाजारात तआम पुष्कळ असतो. निवड करून, मोल देऊन आणि शुद्धता पाहून जो हाती येतो, त्यास त्या तरुणांनी रिज्क म्हटले, हा बोध या आयतीतून घेता येतो.

दुसरे उदाहरण हजरत यूसुफ (अ.) यांचे. तुरुंगातील सोबत्यांशी बोलताना त्यांनी त्यांना मिळणाऱ्या जेवणाचा उल्लेख केला, तोही याच दोन शब्दांनी (सूरह यूसुफ : 37). तुरुंगातील कैद्याचे अन्नसुद्धा रिज्क आहे. ते कोणाच्या हातून आले, कोणत्या भांड्यातून आले, यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून नाही.

आपल्या बोलीत हा शब्द

अरबी रिज्कला फारसीत ‘रोजी’ असा प्रतिशब्द आहे. ‘रोज’ म्हणजे दिवस. दिवसाचा जो वाटा मिळतो तो रोजी. हा शब्द मराठीत असा मुरला की कोणत्याही धर्माचा मराठी माणूस ‘रोजीरोटी’ म्हणतो आणि त्याला तो परका वाटत नाही. रोजगार आणि रोजंदारी हे शब्दही त्याच कुळातले. आणि आपला ‘रोजा’ हा शब्दसुद्धा त्याच ‘रोज’पासून आलेला आहे. म्हणजे रोजी आणि रोजा ही सख्खी भावंडे झाली. एक दिवसाचा घास, दुसरा दिवसभर त्या घासापासून दूर राहणे. रमजानमध्ये मगरिबच्या अजानबरोबर खजूर तोंडात जाते तेव्हा ही भावंडे एकमेकांना भेटतात, आणि रोजच्या घासाची खरी किंमत त्या वेळी कळते.

तआम हा शब्द आपण सहसा बोलण्यात वापरत नाही; पण लग्नाच्या उर्दू निमंत्रणपत्रिकेवर ‘दावते तआम’ असे छापलेले असते. जेवणाची वेळ म्हणून आपण ती ओळ वाचतो आणि पुढे जातो. कुरआनात मात्र ‘तआम’ हा शब्द अनेकदा गरिबाच्या संदर्भात येतो. जो गरिबाला जेवू घालण्यास उत्तेजन देत नाही, त्याची गणना न्यायदिनाला खोटे मानणाऱ्यांच्या लक्षणांत केली आहे (सूरह माऊन : 1 ते 3). ज्या पत्रिकेवर ‘दावते तआम’ असते, त्या मांडवात आपल्या वस्तीतील एखादा रोजंदारीचा मजूर पाहुणा म्हणून बसलेला असतो का, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

आणखी एक नित्याची गोष्ट. आपल्याकडे अनेकांचे नाव ‘अब्दुर्रज्जाक’ असते. हाक मारताना त्याचे ‘रज्जाक’ होते. अर-रज्जाक हे अल्लाहचे नाव आहे. माणूस हा त्याचा अब्द, म्हणजे सेवक आहे. म्हणून उलेमा सांगतात की हे नाव पूर्ण उच्चारावे. ही केवळ उच्चाराची बाब नाही. कोणताही मालक, कोणताही ठेकेदार, घरात कमावून आणणारा कोणीही रज्जाक नसतो. त्याच्या हातून रिज्क पोहोचतो एवढेच.

रिज्क ताटाहून मोठा आहे

उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (र.) यांच्याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जे उद्गार काढले, ते हजरत आयशा (र.) यांनी कथन केले आहेत आणि ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेले आहेत. खदीजांचे प्रेम आपल्याला रिज्क म्हणून लाभले, असा त्यांचा आशय आहे. पत्नीविषयीच्या प्रेमासाठी प्रेषितांनी हा शब्द वापरला, यावर थोडे थांबून विचार करावा. आपण मात्र रिज्कचा हिशेब पगार आणि धान्याच्या पोत्यापर्यंत आणून थांबवतो. निरोगी शरीर, समंजस जोडीदार, उपयोगी पडणारे ज्ञान, शेजाऱ्याचा आधार, रात्रीची शांत झोप ही सारी अल्लाहची देणगीच आहे.

हजरत शुऐब (अ.) यांची कौम वजन-मापात लबाडी करीत असे. त्यांनी कौमला माप न्यायाने पूर्ण भरण्यास सांगितले आणि अल्लाहने आपल्याला स्वतःकडून ‘रिज्के हसन’, म्हणजे उत्तम रिज्क, दिल्याचे म्हटले (सूरह हूद : 84 ते 88). मदयनच्या व्यापाऱ्यांची कोठारे भरलेली असतील, पण ‘हसन’ हे विशेषण मात्र माप पूर्ण भरण्याचा आग्रह धरणाऱ्याच्या रिज्कला लागले. रिज्क किती आहे यापेक्षा तो कसा आला आहे, हा प्रश्न कुरआनाला अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच समस्त मानवांना उद्देशून सांगितले गेले की पृथ्वीवर जे हलाल आणि तय्यिब आहे ते खा (सूरह बकरा : 168). कसायाच्या दुकानात आपण हलालची चौकशी करतो. ज्या पैशांनी ते मांस विकत घेतले, त्या पैशांचीही तीच चौकशी व्हायला हवी.

ताटाची आदब

ताटातील अन्नाची आदब प्रेषित (स.) यांनी कृतीने शिकवली. त्यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, रुचले तर घेतले, नाही तर बाजूला राहू दिले, असे हजरत अबू हुरैरा (र.) सांगतात (बुखारी). लहानग्या उमर बिन अबी सलमा (र.) यांचा हात ताटात इकडे-तिकडे फिरत होता. त्यांना प्रेषितांनी बिस्मिल्लाह म्हणण्यास, उजव्या हाताने आणि आपल्या पुढ्यातून खाण्यास सांगितले (बुखारी, मुस्लिम). घास खाली पडला तर त्यास लागलेली घाण काढून तो खावा, सैतानासाठी सोडू नये, आणि अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, अशी शिकवण हजरत जाबिर (र.) यांच्या कथनात आहे (मुस्लिम).

भाकरीचा तुकडा उचलणाऱ्या त्या भगिनीचे वागणे म्हणूनच योग्य आहे. आपल्या आजी-नानींनी ही सवय घराघरांत जपली, हे त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ही आदब तुकड्यापाशी संपत नाही.

सूरह अबसमध्ये माणसाला आपल्या तआमकडे पाहण्यास सांगितले आहे. पुढच्या आयतींत क्रम येतो : आम्ही पाणी ओतले, जमीन फाडली, तिच्यातून धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून, खजूर, दाट बागा, फळे आणि चारा उगवला (सूरह अबस : 24 ते 32). हे पाहणे आपल्या ताटापासून सुरू करावे. वरणाच्या वाटीतील तूर मृगाच्या पावसाची वाट पाहत पेरलेली असते. तिला निंदणारे हात कोणाचे तरी असतात, कापणीला वाकलेली पाठ कोणाची तरी असते. तूर भरडून डाळ करणारा, पोते पाठीवर वाहून नेणारा हमाल, ती शिजवणारी गृहिणी, आणि ती विकत आणण्यासाठी यंत्रापुढे आठ तास उभा राहणारा मजूर, या सर्वांतून तो घास ताटापर्यंत येतो. पाणी अल्लाहने ओतले, बी त्याने फोडले. त्यानंतर त्याने या हातांना माध्यम केले.

या हातांची आठवण प्रेषित (स.) यांनी जेवणाच्या वेळीच करून दिली. सेवक जेवण घेऊन येईल तेव्हा त्याला सोबत बसवावे. बसवता आले नाही तर निदान एक-दोन घास तरी त्याला द्यावेत, कारण ते शिजवण्याची धग आणि श्रम त्याने सोसले आहेत, असा त्या हदीसचा आशय आहे (बुखारी). धग सोसणाऱ्याचा त्या अन्नात वाटा आहे, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले.

शब्दाचा दुरुपयोग

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘रिज्क अल्लाहच्या हातात आहे’ हे वाक्य सत्य आहे. पण सत्य वाक्य दोन चुकीच्या ठिकाणी वापरले जाते.

पहिले ठिकाण आळसाचे. काम न करता बसून राहणारा म्हणतो, नशिबात असेल ते मिळेल. प्रेषित (स.) यांनी तवक्कुलचे उदाहरण देताना पक्ष्यांचा उल्लेख केला. ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात (तिर्मिजी). पक्ष्यांना रिज्क मिळतो, पण घरट्यात बसून नव्हे. शुक्रवारची नमाज पूर्ण झाल्यावर जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याचा आदेश आहे (सूरह जुमुआ : 10). आपल्या हाताच्या कष्टाने मिळवलेल्या अन्नाहून उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही, आणि अल्लाहचे प्रेषित दाऊद (अ.) आपल्या हातच्या कमाईचे खात, हेही प्रेषितांनी सांगितले (बुखारी).

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. आपण दुसऱ्याचे जे देणे लागतो ते न देता त्याला अल्लाहचा हवाला देणे, हा या शब्दाचा सर्वांत वाईट वापर होय. याविषयी कुरआनात एक स्पष्ट आयत आहे आणि ती अशा सूरहमध्ये आहे जी आपल्या घरांत वारंवार वाचली जाते. सूरह यासीन पुष्कळांना तोंडपाठ असते. तिच्या 47व्या आयतीत सांगितले आहे की जेव्हा लोकांना म्हटले जाते, अल्लाहने तुम्हाला जो रिज्क दिला त्यातून खर्च करा, तेव्हा नाकारणारे श्रद्धावंतांना उत्तर देतात की अल्लाहची इच्छा असती तर त्यानेच ज्याला खाऊ घातले असते, त्याला आम्ही का खाऊ घालावे?

या आयतीत रिज्क आणि तआम या दोन्ही मूळ शब्दांची रूपे आली आहेत. अल्लाह जे देतो त्याला आयत रिज्क म्हणते आणि माणसाने पुढे जे करायचे त्याला इतआम, म्हणजे खाऊ घालणे, म्हणते. नाकारणारे या दोन्हींची गल्लत करतात. खाऊ घालण्याचे आपले काम ते अल्लाहवर ढकलतात आणि त्यालाच श्रद्धेचे रूप देतात. वाक्यात अल्लाहचे नाव आहे, अल्लाहच्या इच्छेचा उल्लेखही आहे, आणि तरीही ते वाक्य नकार देणाऱ्यांचे म्हणून कुरआनात नोंदले गेले आहे.

ही आयत दानाविषयी आहे. दान न देणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य इतके निंद्य ठरते, तर मजुरी न देणाऱ्याच्या तोंडी ते काय ठरेल? दान हा देणाऱ्याचा उपकार म्हणता येईल, मजुरी मात्र घेणाऱ्याचा हक्क आहे. प्रत्येकाचा रिज्क जन्माआधी लिहिला जातो, हे हदीसवरून आपण मानतो (बुखारी, मुस्लिम). परंतु ते लिखित अल्लाहच्या ज्ञानात आहे. मजुराच्या हजेरीची नोंद ठेकेदाराच्या वहीत आहे आणि जाब त्या वहीचा विचारला जाईल. तीन माणसांविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल. त्यांतील एक तो, ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून पूर्ण काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही (बुखारी). घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीदही आपणा सर्वांना परिचित आहे (इब्ने माजा).

सबर या शब्दाबाबतही हेच म्हणावे लागेल. सबर करण्याचा सल्ला पीडिताला त्याचा हितचिंतक देऊ शकतो. ज्याच्याकडे देणे थकले आहे त्याने तो देणे शोभत नाही.

मजुराचे धान्य

याच विषयावर बुखारी आणि मुस्लिममध्ये एक सुंदर हदीस आहे. तीन प्रवासी पावसामुळे गुहेत शिरले आणि एका शिळेने गुहेचे तोंड बंद झाले. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातील केवळ अल्लाहसाठी केलेल्या एका कृत्याचा हवाला देऊन दुआ मागितली. तिसऱ्याने सांगितले की त्याने धान्याच्या मोबदल्यात एक मजूर लावला होता. काही कथनांत हे धान्य तांदूळ आहे, तर बुखारीच्या एका कथनात त्यासाठी ‘जुरा’ हा शब्द आहे, जो ज्वारी या अर्थानेही वापरला जातो. मजूर आपला मोबदला न घेताच निघून गेला. या माणसाने ते धान्य स्वतःच्या कोठारात मिसळले नाही. त्याने ते पेरले. पीक आले, पुन्हा पेरले, आणि वाढत वाढत त्यातून गुरे आणि ती राखणारा गुराखी इथवर ते पोहोचले. पुढे कधी तरी मजूर परतला आणि म्हणाला, अल्लाहचे भय बाळग आणि माझी मजुरी मला दे. त्यावर याने त्या गुरांकडे बोट दाखवून ती घेऊन जाण्यास सांगितले. मजुराला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, तो सर्व काही हाकून घेऊन गेला. आणि गुहेच्या तोंडावरची शिळा सरकली.

या हदीसमध्ये मजुरी स्वतःच अन्न आहे. ज्वारीचे एक माप मालकाच्या हाती राहिले, पण त्याने ते मजुराचेच मानले. अल्लाहने त्या धान्याला बरकत दिली आणि ती बरकतही मजुराचीच ठरली. ज्या विदर्भात ज्वारी पिकते आणि भाकर होऊन ताटात येते, तेथे ही हदीस समजण्यास फारसे स्पष्टीकरण लागू नये.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. जमिनीवर पडलेला तुकडा रिज्क आहे आणि अडकलेली मजुरीही रिज्क आहे. दोन्हींवर पाय पडू द्यायचा नाही. तुकडा उचलून ओठांना लावणारा हात जर मजुराचे पैसे दाबून ठेवत असेल, तर त्याने रिज्कचा सन्मान केलेला नाही. आणि त्या कुटुंबाला असे सांगावेसे वाटते की आपला हक्क मागणे सबरच्या विरुद्ध नाही. गुहेच्या हदीसमधील मजुरानेही अल्लाहचे भय दाखवून आपली मजुरी मागितली होती. मोहल्ल्यातील जबाबदार माणसांनी अशा वेळी मजुराच्या सोबत जाऊन बोलावे, हिशेब लिहून घ्यावा, मुदत ठरवावी, आणि तरीही दाद लागली नाही तर कायद्याने दिलेला मार्ग अवलंबण्यास त्याला मदत करावी.

घरात काय करावे

प्रिय वाचकहो, ज्ञान कृतीत उतरले नाही तर पाठ अपुरा राहतो. म्हणून काही गोष्टी आजपासून आपल्या घरात सुरू करता येतील.

जेवायला बसताना बिस्मिल्लाह म्हणावे आणि आठवड्यातून एकदा तरी मुलांना विचारावे की आजच्या ताटातील एखादा पदार्थ कोणकोणत्या हातांतून आला. सूरह अबसचा हा सर्वांत सोपा अभ्यास आहे.

घरी धुणी-भांडी करणारी बाई, दुकानातील मदतनीस, रिक्षावाला, बांधकामावरील मजूर यांपैकी कोणाचे काही देणे राहिले आहे का, हे महिनाअखेरीस नव्हे तर त्याच दिवशी पाहावे. सदका देण्याआधी देणे फेडावे.

रस्सा शिजवताना पाणी थोडे अधिक घालून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याची शिकवण हजरत अबू जर (र.) यांना मिळाली होती (मुस्लिम). कामगार वस्तीत परगावाहून आलेले, एकाच खोलीत राहणारे तरुण असतात. शेजारी म्हणताना त्यांनाही मोजावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. इस्लाममधील कोणती गोष्ट उत्तम, असे विचारले असता प्रेषितांनी जेवू घालणे आणि ओळखीच्या-अनोळखी सर्वांना सलाम करणे असे उत्तर दिले होते (बुखारी, मुस्लिम).

आणि शेवटची गोष्ट जिभेची. ‘रिज्क अल्लाह देतो’ हे वाक्य आपण स्वतःच्या चिंतेवर उपाय म्हणून अवश्य म्हणावे. मुलांच्या भवितव्याची काळजी वाटते तेव्हा म्हणावे, नोकरी सुटते तेव्हा म्हणावे. हात पसरून समोर उभ्या असलेल्या हक्कदाराला मात्र हे वाक्य ऐकवू नये. त्याला त्याचे देणे द्यावे. अल्लाह रज्जाक आहे, ही श्रद्धा त्याच्या मनात आपोआप दृढ होईल.

चिंतनासाठी प्रश्न

1. तआम आणि रिज्क या शब्दांतील फरक आपल्या शब्दांत सांगा. सूरह कहफच्या 19व्या आयतीत ते कसे आले आहेत?

2. सूरह यासीनची 47वी आयत अर्थासह वाचा. तिच्यातील नाकारणाऱ्यांचे वाक्य आपण कधी वेगळ्या शब्दांत बोललो आहोत का?

3. पैसा आणि अन्न सोडून आपल्याला लाभलेले तीन प्रकारचे रिज्क लिहा.

4. आज रात्री झोपण्यापूर्वी आपण कोणाची मजुरी, भाडे किंवा उसने पैसे देणे लागतो, याची यादी करा. ही यादी कोणाला दाखवायची नाही; फेडायची आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल आणि तय्यिब रिज्क देवो, आपल्या हातून कोणाचाही रिज्क अडू न देवो, आणि आपल्या दस्तरखानावर बरकत ठेवो. आमीन.